नाव सापडत नाही, मेसेज महाग पडतो : मराठी मजकुराच्या प्रोग्रामिंगविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेली बहुतेक पत्रं स्ट्रिंगविषयी आहेत, म्हणजे प्रोग्राममधल्या मजकुराविषयी. इंग्रजी मजकुरावर बिनबोभाट चालणारा प्रोग्राम मराठी नाव आलं की अडखळतो, ही सगळ्यांचीच तक्रार. उत्तरं मुख्यतः पायथॉन ३ धरून दिली आहेत. आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत, संगणकावर ती इंग्रजी लिपीतच लिहावीत. युनिकोड म्हणजे जगातल्या लिपींच्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणारं मानक, त्याचे क्रमांक सगळीकडे दशमान पद्धतीत आहेत.

प्रश्न : लॅबमध्ये शब्दाची लांबी मोजणं, शब्द उलटा करणं आणि पॅलिन्ड्रोम (उलटसुलट सारखाच वाचला जाणारा शब्द) ओळखणं असे तीन प्रोग्राम असतात. ‘निपाणी’ हा शब्द दिला तर सी भाषा लांबी १८ सांगते, पायथॉन ६ सांगतो, आणि आम्हाला तर अक्षरं तीनच दिसतात. उलटा केला तर शब्दच मोडतो. बरोबर कोण?
— इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, बेळगाव

उत्तर : तिन्ही आकडे बरोबर आहेत, कारण प्रत्येक जण वेगळी गोष्ट मोजतो.

युनिकोडमध्ये व्यंजनाला एक क्रमांक आहे आणि काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार यांना प्रत्येकी स्वतंत्र क्रमांक आहे. ‘निपाणी’ म्हणजे न, पहिली वेलांटी, प, काना, ण, दुसरी वेलांटी असे सहा क्रमांक. पायथॉनचं ‘लेन’ तेवढेच मोजतं. फाइलमध्ये किंवा सी भाषेच्या कॅरेक्टर अ‍ॅरेमध्ये हा मजकूर यूटीएफ-८ पद्धतीने बसतो, आणि त्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक क्रमांकाला तीन बाइट लागतात. म्हणून ‘स्ट्रलेन’ १८ म्हणतं. ‘निपाणी’साठी सी मध्ये दहा बाइटची अ‍ॅरे घेतलीत तर मजकूर शेजारच्या जागेत सांडतो, कारण शेवटच्या शून्यासह १९ बाइट हवेत. ‘हुक्केरी’ला २५ लागतील : ह, उकार, क, पायमोड (व्यंजन अर्धं करणारं ‘्’ हे चिन्ह), क, मात्रा, र, वेलांटी हे आठ क्रमांक, गुणिले तीन, अधिक एक.

उलटा करताना पायथॉन सहा क्रमांक मागून पुढे लावतो. मग वेलांटी सगळ्यात आधी येते, तिला धरायला व्यंजन नसतं, आणि पडद्यावर ठिपक्यांच्या वर्तुळावर ती लटकलेली दिसते. पुढचा काना ‘ण’ला चिकटतो आणि पहिली वेलांटी ‘प’ला. पॅलिन्ड्रोमची चूक मात्र नजरेतून निसटते. ‘कडक’ला मात्रा नाहीत म्हणून प्रोग्राम ‘हो’ म्हणतो आणि सगळं ठीक वाटतं, पण ‘काका’ला तोच प्रोग्राम ‘नाही’ म्हणतो. चाचणीला ‘काका’, ‘मामा’ यांच्यासारखे शब्द घेतलेच पाहिजेत.

उपाय असा : आधी शब्दाचे अक्षरवार तुकडे करा, मग उलटे करा किंवा मोजा. तुकडे करण्याचा नियम चार-पाच ओळींत बसतो. रिकामी यादी घ्या. शब्दातलं एकेक चिन्ह पाहा. ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूलमधलं ‘कॅटेगरी’ त्या चिन्हाचा गट सांगतं. गटाचं नाव ‘एम’ने सुरू होत असेल, तर ते चिन्ह आधीच्या तुकड्याला जोडा. आधीचा तुकडा पायमोड चिन्हाने (क्रमांक २३८१) संपत असेल आणि आताचं चिन्ह व्यंजन असेल, तरीही जोडा, म्हणजे ‘क्के’ एकत्र राहतं. बाकी सगळ्या वेळी नवा तुकडा सुरू करा. या रीतीने ‘निपाणी’ उलटा ‘णीपानि’ होतो आणि ‘संकेश्वर’ची अक्षरं चार येतात.

तयार साधन हवं असेल तर ‘रेजेक्स’ नावाचं बाहेरचं पॅकेज बसवून त्यातला बॅकस्लॅश आणि मोठा एक्स हा पॅटर्न वापरा. जावास्क्रिप्टमध्ये ‘इंटल सेगमेंटर’ आहे. मात्र आवृत्ती पाहा. जोडाक्षर एकसंध धरण्याचा देवनागरीचा नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये आला. त्याआधीच्या नियमांवर बांधलेली साधनं ‘क्के’चे दोन तुकडे करतात. १५.१ च्या त्या यादीत कन्नड लिपी नव्हती, त्यामुळे एकाच प्रोग्राममध्ये मराठी आणि कन्नड शब्दांची मोजणी वेगळी आली तर गोंधळू नका.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या सभासद यादीत नाव डोळ्यांना दिसतं, पण शोधलं की ‘नोंद नाही’ येतं. ‘बँक’, ‘कऱ्हाड’, ‘ॲडव्होकेट’ अशा शब्दांत हे हमखास होतं. यादी तीन-चार जणांनी वेगवेगळ्या संगणकांवर भरली आहे.
— सोसायटीतील कारकून, निपाणी

उत्तर : वेगवेगळ्या संगणकांवर, हे तुम्हीच लिहिलंत, आणि दुखणं तिथेच आहे. मराठीत काही अक्षरं एकाहून जास्त रीतींनी टाइप होतात. छपाईत ती सारखी दिसतात, पण आतले क्रमांक वेगळे. प्रोग्राम क्रमांकच ताडून पाहतो.

‘बँक’ घ्या. कुणी ब, चंद्रबिंदू, क असं टाइप करतो : तीन क्रमांक. कुणी ब, अर्धचंद्र, अनुस्वार, क असं करतो : चार क्रमांक. ‘काँग्रेस’मध्ये हेच होतं : काना आणि चंद्रबिंदू, किंवा ऑ-चा काना आणि अनुस्वार.

‘ॲ’ला स्वतःचा क्रमांक आहे, २४१८. जुन्या कीबोर्डवर तो नसल्याने लोक ‘अ’ आणि अर्धचंद्र असे दोन क्रमांक वापरतात, काही जण हिंदी वळणाचा ‘ऍ’ घेतात. एकूण तीन रूपं.

सगळ्यात नाजूक ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’. एक पद्धत अशी की नुक्तावाला, म्हणजे खाली टिंब असलेला ‘ऱ’ (२३५३), मग पायमोड, मग व्यंजन. दुसरी अशी की साधा ‘र’, पायमोड, मग अदृश्य सांधा (८२०५, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात), मग व्यंजन. दिसायला दोन्ही एकच. एकाच चिन्हाची वेगवेगळी रूपं एक करणारं युनिकोडचं ‘नॉर्मलाइज’ या दोघांना एक करत नाही, हे लक्षात ठेवा. अनेक जण यावर तोडगा म्हणून सगळी अदृश्य चिन्हं सरसकट उडवतात. तसं केलं की दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या ‘दऱ्या’चं ‘दर्या’ होतं. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झाला, आणि प्रोग्रामने तक्रारही केली नाही.

चौथी अडचण विसर्गाची. ‘दुःख’, ‘अंतःकरण’ या शब्दांत बरेच लोक विसर्गाऐवजी इंग्रजी कीबोर्डवरचा कोलन दाबतात.

यावर उपाय म्हणजे मूळ नावाला हात न लावता शेजारी दुसरा स्तंभ काढायचा, ‘शोधकिल्ली’ नावाचा, आणि त्यात नावाचं एकसारखं केलेलं रूप ठेवायचं. शोधताना टाइप केलेल्या शब्दावरही तीच प्रक्रिया करायची. प्रक्रियेचा क्रम महत्त्वाचा आहे :

आधी ‘युनिकोडडेटा’चं ‘नॉर्मलाइज’, प्रकार एनएफसी. याने ‘र’ आणि सुटा नुक्ता असं कुणी लिहिलं असेल तर त्याचा एकच ‘ऱ’ होतो. मग ‘र, पायमोड, ८२०५’ या तिघांच्या जागी ‘ऱ, पायमोड’. हे झाल्यावरच उरलेली अदृश्य चिन्हं काढा : ८२०३, ८२०४, ८२०५ आणि ६५२७९. मग ‘अ’ अधिक अर्धचंद्र, तसंच ‘ऍ’, या दोन्हींचा ‘ॲ’. मग अर्धचंद्र अधिक अनुस्वार याचा चंद्रबिंदू, ऑ-चा काना अधिक अनुस्वार याचा काना आणि चंद्रबिंदू, ‘ॲ’ अधिक अनुस्वार याचा ‘अँ’. मग कोलनचा विसर्ग, पण कोलनच्या दोन्ही बाजूंना लगेच देवनागरी चिन्ह असेल तरच, नाहीतर ‘वेळ: सकाळी’ यातल्या कोलनचाही विसर्ग व्हायचा. शेवटी ‘स्प्लिट’ करून एका मोकळ्या जागेने ‘जॉइन’, म्हणजे दुहेरी स्पेस जातात. न तुटणारी स्पेस (१६०) सुद्धा ‘स्प्लिट’ ओळखतं, फक्त त्याला कंसात काही देऊ नका.

जुन्या डीटीपी फॉन्टमधून रूपांतर केलेली यादी असेल तर आणखी एक भर : ‘अ’ अधिक काना याचा ‘आ’, काना अधिक मात्रा याचा ‘ो’. कन्व्हर्टर असे तुकडे बरेचदा मागे सोडतात.

ह्रस्व-दीर्घ मात्र या किल्लीत एक करू नका. ‘पाटिल’ आणि ‘पाटील’ एकच असावेत असं वाटतं खरं, पण ‘दिन’ आणि ‘दीन’ एक नाहीत. पैशाच्या व्यवहारात दोन सभासद एकाच नोंदीत मिसळणं हे नाव न सापडण्याहून फार वाईट. ह्रस्व-दीर्घ सोडून जुळणारी नावं वेगळ्या यादीत ‘हे असू शकतील’ म्हणून दाखवा आणि खाते क्रमांक पाहून माणसाला ठरवू द्या.

प्रश्न : हप्त्याची आठवण करून देणारे मेसेज मराठीत पाठवतो. मजकूर छोटा असूनही दोन-दोन मेसेजचे पैसे कापले जातात. इंग्रजीत असं होत नाही.
— पतसंस्था, चिकोडी

उत्तर : एका एसएमएसमध्ये १४० बाइट बसतात. साध्या इंग्रजी मजकुराला प्रत्येक चिन्हामागे सात बिट लागतात, म्हणून १६० चिन्हं मावतात. मजकुरात एक जरी देवनागरी चिन्ह आलं तरी सगळा मेसेज दोन बाइटांच्या पद्धतीत जातो आणि मर्यादा ७० वर येते. त्याहून लांब मजकूर तुकड्यांत जातो, आणि प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर जोडणीची माहिती सहा बाइट घेते, म्हणून तुकड्यामागे ६७ च उरतात. म्हणजे ७१ चिन्हांना दोन मेसेज, १३५ ला तीन.

आता ही चिन्हं म्हणजे क्रमांक, दिसणारी अक्षरं नव्हेत. ‘आपला हप्ता भरण्याची मुदत संपत आहे.’ हे वाक्य डोळ्यांनी मोजलं तर स्पेस आणि पूर्णविराम धरून २३ भरतं, यंत्राच्या हिशेबाने ३४. शिवाय वर सांगितलेली अदृश्य चिन्हंही मोजणीत धरली जातात, आणि इमोजी बहुधा दोन किंवा अधिकची जागा खातो. म्हणून मोजताना ‘लेन’वर न थांबता मजकूर ‘यूटीएफ-१६-एलई’ मध्ये ‘एन्कोड’ करा, बाइटांची लांबी दोनने भागा, तो आकडा खरा.

तुमच्या इंग्रजी मेसेजबद्दलही एक इशारा. रुपयाचं नवं चिन्ह सात बिटांच्या यादीत नाही. इंग्रजी मजकुरात ते एक चिन्ह घातलंत तर १६० ची मर्यादा तिथल्या तिथे ७० होते.

मजकूर आखडायचा असेल तर शब्द तोडू नका, क्रियापदं सुटसुटीत करा. ‘भरण्यात यावा’ ऐवजी ‘भरावा’ लिहिलं तरी सात चिन्हं वाचतात, आणि वाचणाऱ्यालाही ते बरं. सभासदाचं नाव मजकुरात येत असेल तर यादीतलं सर्वांत लांब नाव घालून मोजा. सरासरी नावावर केलेला हिशेब महिनाअखेरीच्या बिलात फसतो.

प्रश्न : पायथॉनने तयार केलेली विद्यार्थ्यांची सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडली की मराठीच्या जागी टोपी-टिकल्या लावलेली परदेशी अक्षरं दिसतात. एका सहकाऱ्याने ती तशीच सेव्ह केली. आता नावं परत मिळतील का?
— शिक्षक, अथणी

उत्तर : पुढच्या फाइलींचं आधी सांगतो. फाइल लिहिताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ द्या. त्याने फाइलच्या सुरुवातीला तीन बाइटांची खूण पडते आणि एक्सेल ती ओळखतं. खूण नसलेली फाइल असेल तर तिच्यावर दोनदा क्लिक करू नका. एक्सेलच्या डेटा मेनूतून मजकूर आयात करा आणि फाइलचं मूळ म्हणून ६५००१ हा यूटीएफ-८ चा पर्याय निवडा. हीच फाइल पायथॉनने परत वाचताना ‘सिग’ विसरलात, तर पहिल्या स्तंभाच्या नावाला अदृश्य ६५२७९ चिकटतो, आणि ‘नाव’ हा स्तंभ समोर असूनही प्रोग्राम ‘असा स्तंभ नाही’ म्हणतो.

आता बिघडलेल्या फाइलचं. ‘क’चे तीन बाइट आहेत २२४, १६४, १४९. एक्सेलने खूण न दिसल्याने प्रत्येक बाइट विंडोज-१२५२ या जुन्या पाश्चात्त्य तक्त्यातलं वेगळं अक्षर मानलं. म्हणून एका अक्षराची तीन झाली. उलट वाट अशी : मजकूर ‘सीपी१२५२’ मध्ये ‘एन्कोड’ करा आणि आलेले बाइट ‘यूटीएफ-८’ म्हणून ‘डीकोड’ करा.

‘निपाणी’ अशाने लगेच परत येतं. ‘हुक्केरी’वर मात्र पायथॉन चूक दाखवून थांबतो. कारण १२५२ च्या तक्त्यात १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७ या पाच जागा रिकाम्या आहेत. आपल्या ह्रस्व उकाराचा शेवटचा बाइट १२९ आहे, पायमोडाचा १४१, ‘ए’चा १४३, ‘ऐ’चा १४४, ‘झ’चा १५७. म्हणजे जोडाक्षर किंवा ह्रस्व उकार असलेलं प्रत्येक नाव अडणार, आणि मराठीत अशी नावं थोडी नाहीत. त्यासाठी मजकुरातलं एकेक चिन्ह घ्या. त्याचा क्रमांक या पाचांपैकी असेल तर तो बाइट तसाच ठेवा, नसेल तर ‘सीपी१२५२’ने बदला, आणि सगळे बाइट जोडून मग ‘डीकोड’ करा.

अजून एक खाच आहे. ‘ठ’चा शेवटचा बाइट १६०, म्हणजे त्या तक्त्यातली न तुटणारी स्पेस. मधल्या कुणी ‘स्पेस साफ करा’ अशी आज्ञा चालवली असेल तर ‘ठ’चा तो बाइट गेला, आणि तिथे ‘डीकोड’ अडेल. अशी नावं कागदी हजेरीवरून हातानेच भरावी लागतील. काम मूळ फाइलच्या प्रतीवर करा. फाइलमध्ये अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील, तर मात्र मूळ बाइट उरलेलेच नाहीत, आणि तिथून परत काही मिळणार नाही.

प्रश्न : आम्ही बिलं आणि पत्रकं मराठी-कन्नड दोन्हींत छापतो. देवनागरी मजकुराच्या प्रत्येक क्रमांकात ८९६ मिळवले की कन्नड लिपी येते, असं ऐकलं. करून पाहिलं, बरंचसं जमतं, पण काही ठिकाणी चौकोन येतात आणि गावांची नावं कन्नड वाचणाऱ्यांना खटकतात.
— डीटीपी व्यावसायिक, बेळगाव

उत्तर : ऐकलंत ते खरं आहे. युनिकोडमधल्या भारतीय लिपींची मांडणी १९८८ च्या इस्की या भारतीय मानकावरून घेतली आहे, म्हणून एकाच ध्वनीची अक्षरं प्रत्येक लिपीत त्याच घरात बसली आहेत. देवनागरी २३०४ पासून सुरू होते, कन्नड ३२०० पासून, आणि फरक ८९६. ‘क’ २३२५ वर, कन्नड क ३२२१ वर. ‘ऑर्ड’ने क्रमांक काढा, मिळवा, ‘सीएचआर’ने चिन्ह करा. पण हे लिप्यंतराचं पहिलं पाऊल झालं, पुढची कामं हातानेच नियम लिहून करावी लागतात.

चौकोन येतात कारण कन्नडमध्ये ती घरं रिकामी आहेत. ‘ऑ’, अर्धचंद्र आणि ऑ-चा काना यांना कन्नडमध्ये जोडीदार नाही. ‘ॲ’चं तर त्याहून विचित्र होतं, ८९६ मिळवल्यावर तो भलत्याच एका दुर्मीळ चिन्हावर जाऊन पडतो. म्हणून मिळवण्याआधी बदल करा. कन्नड लिहिणारे ‘डॉक्टर’ काना देऊन लिहितात आणि ‘बँक’मधला स्वर य-जोडाक्षर व काना यांनी दाखवतात, म्हणजे ‘ब्यांक’ सारखं. तेव्हा ‘ऑ’चा ‘आ’, ऑ-चा काना असेल तिथे साधा काना, अर्धचंद्राच्या जागी पायमोड-य-काना. त्याआधी चंद्रबिंदू अर्धचंद्र आणि अनुस्वार असा फोडून घ्या, मात्र तो कान्यावर असेल तर त्याचा नुसता अनुस्वार करा. ‘ऱ’चा साधा ‘र’ करा, नाहीतर वापरातून गेलेलं जुनं कन्नड अक्षर उमटतं. अदृश्य सांधे काढून टाका. श्लोकातल्या दंडाचे क्रमांक, २४०४ आणि २४०५, सगळ्या लिपींना सामाईक आहेत, त्यांत काही मिळवू नका.

शब्दाच्या शेवटाकडे विशेष लक्ष द्या. मराठीत ‘रोड’ लिहिलं तरी आपण शेवटचा ‘ड’ तोडून म्हणतो. कन्नड वाचणारा लिहिलेला ‘अ’ उच्चारतो. म्हणून इंग्रजीतून आलेल्या शब्दांच्या शेवटच्या व्यंजनाला पायमोड जोडा. व्यक्तींच्या नावांना तो आपोआप लावू नका, ज्याचं नाव त्याला विचारून ठरवा.

गावांची नावं खटकतात त्याचं कारण तुमचा प्रोग्राम नव्हे. दोन्ही भाषांचं शुद्धलेखनच वेगळं आहे. मराठीच्या नियमाने शब्दाच्या शेवटची वेलांटी दीर्घ, कन्नडमध्ये ती बहुधा ह्रस्व. मराठीत ए आणि ओ एकेकच, कन्नडमध्ये ह्रस्व आणि दीर्घ असे दोन-दोन. २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून बेळगाव शहराचं ‘बेळगावी’ हे जे नाव अधिकृत आहे, त्याच्या कन्नड रूपात पहिला ‘बे’ ह्रस्व आणि शेवटचा ‘वि’ ह्रस्व. बेरजेने दोन्ही दीर्घ येतात. ‘निपाणी’ कन्नडमध्ये जोड-प घालून लिहितात, ‘चिकोडी’ जोड-क घालून, आणि ‘खानापूर’चा ‘पु’ ह्रस्व. कुठल्याही सूत्राने हे साधणार नाही. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी, अथणी, गोकाक, सौंदत्ती, आणि तुमच्या गिऱ्हाइकांची गावं, अशी दोन स्तंभांची यादी करा. कन्नड रूप कन्नड जाणणाऱ्याकडून तपासून घ्या आणि प्रोग्रामला आधी यादी पाहायला लावा. आपल्या नावाचं शुद्धलेखन चुकलं तर मराठी माणसाला जेवढं लागतं, तेवढंच कन्नड माणसालाही लागतं.

उलट दिशेने, कन्नडमधून देवनागरीत येताना, ८९६ वजा केले की कन्नडची ह्रस्व मात्रा देवनागरीतल्या २३७४ या क्रमांकावर उतरते. ही ‘ॆ’ मराठी कीबोर्डवर नसते आणि छोट्या टाइपात नेहमीच्या मात्रेसारखीच दिसते. ‘बॆळगावि’ असा मजकूर डेटाबेसमध्ये शिरला की ‘बेळगाव’ शोधून तो कधीच मिळणार नाही. वजाबाकीनंतर ह्रस्व ए-ओची चारही चिन्हं नेहमीच्या ए-ओमध्ये बदला.

आणि हे सगळं युनिकोड मजकुरालाच लागू आहे. जुन्या नुडी फॉन्टमधलं कन्नड किंवा जुन्या श्रीलिपीमधलं मराठी आतून लॅटिन क्रमांकांचंच असतं, फॉन्ट बदलला की ते उघडं पडतं. ‘ऑर्ड’ने पाहा. कन्नड असेल तर क्रमांक ३२०० ते ३३२७ च्या मध्ये हवा.

प्रश्न : फॉर्ममध्ये नाव फक्त अक्षरांचंच असावं म्हणून ‘इजअल्फा’ लावलं. ‘नगर’ चालतं, ‘निपाणी’ नाकारलं जातं. आणि मोबाइल क्रमांकात मराठी आकडे घातले तर ते मात्र स्वीकारले जातात!
— बीसीए विद्यार्थी, खानापूर

उत्तर : ‘इजअल्फा’ फक्त अक्षर गटातली चिन्हं मानतं, काना-मात्रा त्यात येत नाहीत. ‘नगर’ला त्या नाहीत. पायथॉनच्या ‘आरई’ मॉड्यूलमधला लहान डब्ल्यूचा पॅटर्नही याच कारणाने ‘निपाणी’चे न, प, ण असे तीन शब्द करतो. ‘रेजेक्स’ पॅकेजमध्ये तो नीट चालतो. तुमच्या फॉर्मसाठी ‘कॅटेगरी’ तपासा : गट ‘एल’ किंवा ‘एम’ने सुरू व्हावा, शिवाय स्पेस, टिंब आणि ८२०५ चालावेत, आणि पहिलं चिन्ह ‘एम’ गटातलं नसावं.

आकड्यांचं म्हणाल तर पायथॉनचं ‘इंट’ देवनागरी आणि कन्नड आकडेही वाचतं, आणि तीन लिपींचे आकडे एकाच संख्येत मिसळले तरी वाचतं. ही सोय आहे. पण क्रमांक मजकूर म्हणून साठवत असाल तर एकाच माणसाचे दोन क्रमांक होतील. मोबाइल क्रमांक साठवण्याआधी एकेक आकडा ‘इंट’मधून काढून इंग्रजी आकड्यांत लिहा, आणि मग ‘इजॲस्की’ने खात्री करा. जावास्क्रिप्टचं ‘नंबर’ देवनागरी आकडे वाचतच नाही, म्हणून हे काम सर्व्हरवर करा.

प्रश्न : पुस्तकांची यादी अकारविल्हे लावली तर ‘ॲ’ची पुस्तकं ‘ह’च्या नंतर येतात आणि ‘फळ’ ‘फसवणूक’च्या आधी.
— ग्रंथालय कर्मचारी, हुक्केरी

उत्तर : ‘सॉर्ट’ क्रमांकाने लावतं. ‘ॲ’ २४१८ वर आहे आणि ‘ह’ २३६१ वर. ‘ळ’ २३५५ वर, म्हणजे ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये, आणि ‘क्ष’ तर क-पायमोड-ष असल्याने ‘क’मध्येच जातो. क्रमवारीपुरती वेगळी ‘की’ करा : ‘ळ’च्या जागी २३६२, ‘क्ष’च्या जागी २३६३, ‘ज्ञ’च्या जागी २३६४, आणि ‘ॲ’च्या जागी २३१७. हेच क्रमांक का? कारण पहिले तीन ‘ह’च्या नंतर पण कान्याच्या (२३६६) आधी येतात. याहून मोठा क्रमांक दिलात तर ‘बळ’ हा शब्द ‘बाग’च्या मागे जाईल. या जागांवर २३६२ व २३६३ ही काश्मिरीसाठीची चिन्हं आणि २३६४ हा नुक्ता बसतो, एनएफसी केलेल्या मराठी यादीत ते आड येत नाहीत. ही किल्ली फक्त क्रम लावण्यासाठी, छापायचं मूळ नाव.

प्रश्न : पिलो ही पायथॉनची चित्रं बनवणारी लायब्ररी वापरून ओळखपत्रं काढतो. नावातली पहिली वेलांटी अक्षराच्या मागे पडते आणि जोडाक्षरं फुटतात. फॉन्ट बदलूनही तेच.
— सायबर कॅफे चालक, संकेश्वर

उत्तर : स्ट्रिंग ठीक आहे, फॉन्टही ठीक आहे. पिलोची साधी मांडणी चिन्हं आहेत त्या क्रमाने एकापुढे एक ठेवते, वेलांटी पुढे आणणं आणि जोडाक्षर बांधणं तिला येत नाही. त्यासाठी ‘राक्म’ ही लायब्ररी लागते. पिलोच्या ‘फीचर्स’ मॉड्यूलमधल्या ‘चेक’ला तिचं नाव देऊन ती आहे का पाहा. ‘फॉल्स’ आलं तर ती बसवा आणि फॉन्ट उघडताना मांडणी ‘राक्म’ अशी सांगा. वेलांटी पुढे यावी म्हणून स्ट्रिंगमध्येच चिन्हांची अदलाबदल करू नका. कार्ड छान दिसेल, पण तोच मजकूर डेटाबेसमध्ये गेला की निपाणीच्या वाचकांसारखी नावं शोधत बसावं लागेल.